शोस्ताकोविचच्या पाचव्या सिंफनीचा शेवट: ऑर्केस्ट्राने बाजू घ्यावी का?

खर्ज:
बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि कंडक्टर (वाद्यवृंद-संचालक) आंद्रिस नेल्सन्स यांनी सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचच्या सिंफनी ध्वनिमुद्रित केल्या, त्यातल्या सुरुवातीच्या अल्बमांवर 'स्टालिनच्या सावलीत' असं लिहिलंय. वादन अप्रतिम, पहिल्याच अल्बमला ग्रॅमी मिळालं. माझा आक्षेप वेगळा आहे. एक सूरही कानावर पडायच्या आधी श्रोत्याला निकाल सांगून टाकला जातो. पाचवीचं यात फार नुकसान होतं. तिचा शेवट मुद्दाम संथ आणि जड वाजवणारे बरेच आहेत, 'हा आनंद बळजबरीचा' हे ठसावं म्हणून. १९५९ मध्ये कंडक्टर बर्नस्टाइन आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने तोच शेवट सुसाट वाजवलाय. ऐकताना अंगावर काटा येतो. वादकांनी लिहिलेलं वाजवावं, खटला चालवू नये.

तिरकिट:
साफ असहमत. जानेवारी १९३६ मध्ये स्टालिन शोस्ताकोविचचा ऑपेरा बघायला आला आणि संपायच्या आत उठून गेला. दोनच दिवसांनी कम्युनिस्ट पक्षाच्या 'प्रावदा' या वृत्तपत्रात 'संगीताऐवजी गोंधळ' हा निनावी लेख, त्यात उघड धमकी. चौथी सिंफनी तालमी चालू असताना मागे घ्यावी लागली, ती लोकांनी ऐकली थेट १९६१ मध्ये. १९३७ मध्ये बहिणीचा नवरा अटकेत, बहीण हद्दपार, पाठीराखा मार्शल तुखाचेव्स्की गोळी घालून ठार. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला कंडक्टर म्राविन्स्कीने लेनिनग्राडमध्ये पाचवी सादर केली. मानेवर सुरी असताना लिहिलेला जल्लोष निव्वळ जल्लोष म्हणून वाजवणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

खर्ज:
यातलं काहीच मी नाकारत नाही. पण दुःख सांगायला त्याने लार्गो, म्हणजे संथ तिसरा भाग, लिहिलाय की! त्या भागात ब्रास (ट्रंपेटसारखी पितळी) वाद्यं पूर्ण गप्प. व्हायोलिनचे नेहमीचे दोन नव्हे, तीन गट. पहिल्या प्रयोगाला लोक तिथे रडले, ते कुठल्या कव्हरवर वाचून नव्हे. जे तिथे बोलून झालंय, ते शेवटात पुन्हा कशाला ओढून आणायचं?

कोमल निषाद:
वेगाबद्दल एक. 'लिहिलेलं वाजवा' म्हणणं सोपं आहे, पण छापील आवृत्त्यांमध्येच शेवटाच्या वेगाचा आकडा वेगवेगळा आहे आणि फरक जवळजवळ दुपटीचा. म्हणजे बर्नस्टाइनकडेही आधार आहे आणि संथ वाजवणाऱ्या कंडक्टर रोस्त्रोपोविचकडेही. आता तो शेवट हेडफोन लावून ऐका. ब्रास वर विजय गाजवतंय आणि खाली तंतुवाद्यं एकच 'ए' स्वर घासत बसलीत, पुन्हा पुन्हा, पानंच्या पानं. जलद वाजवलं तर तो झगमगाट वाटतो. संथ वाजवलं की प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो आणि जीव गुदमरतो. निवड टळत नाही. ऑर्केस्ट्राला बाजू घ्यावीच लागते.

जुनी रेकॉर्ड:
'बळजबरीचा आनंद' ही कल्पना पसरली ती १९७९ च्या 'टेस्टिमनी'मुळे, म्हणजे शोस्ताकोविचच्या आठवणी म्हणून वोल्कोव्हने छापलेल्या पुस्तकामुळे. त्या आठवणी खरोखर शोस्ताकोविचच्या किती, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. संगीत-अभ्यासक लॉरेल फे यांनी दाखवून दिलं की त्यातले काही उतारे त्याच्या आधी छापून आलेल्या लेखांमधले आहेत. एवढ्या डळमळीत पुराव्यावर सुमारे पाऊण तासाच्या सिंफनीचा अर्थ बांधू नये.

तिरकिट:
'टेस्टिमनी' बाजूला ठेवा. पुरावा स्वरलिपीत आहे. त्याच सुमारास त्याने पुश्किनच्या एका कवितेला चाल लावली. कुणी रानटी चित्रकार एका प्रतिभावंताच्या चित्रावर काळं फासतो, वर्षं सरतात तसा तो परका रंग खपल्यांसारखा गळतो आणि मूळ चित्र पुन्हा दिसू लागतं. त्या गाण्याचे पहिले चार स्वर म्हणजेच अंतिम भागाच्या मुख्य धूनची सुरुवात. पहिल्या प्रयोगाला ते गाणं लोकांनी ऐकलेलंही नव्हतं. ही खूण त्याने कुणासाठी ठेवली असेल?

खर्ज:
हा मुद्दा दमदार आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. कवितेत मूळ चित्र अखेर उघडं पडतं, म्हणजे शेवटी खरा आनंदही असू शकतो. मग तो रडवेला का वाजवायचा?

तिरकिट:
रडवेला नको, सुसाटही नको. म्राविन्स्कीने पाचवी बसवली तेव्हा रचनाकार तालमीला हजर होता, आणि नंतरही म्राविन्स्की ती अनेक वर्षं वाजवत राहिला. त्याची ध्वनिमुद्रणं ऐका. शेवट बर्नस्टाइनपेक्षा बराच संथ आहे, वजनदार आहे आणि कुठेही गळा काढलेला नाही. कव्हरवरचं नाव हवं तर काढून टाका. पण बर्नस्टाइनच्या वेगाला 'लिहिलेलं' म्हणू नका.