मराठी-इंग्रजी अदलाबदलीसाठी कॅप्स लॉकची कळ वापरता येईल का?

पुस्तिकाकार:
नमस्कार. मी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचे इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. सुट्या भागांची नावे आणि क्रमांक रोमन लिपीतच ठेवायचे असल्यामुळे एका परिच्छेदात दहा-बारा वेळा भाषा बदलावी लागते. संगणकावर विंडोज ११ आहे, मराठीसाठी इनस्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी वापरते आणि भाषा बदलण्यासाठी विंडोजची कळ व स्पेसबार एकत्र दाबते. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसतात, त्यामुळे करंगळीच्या अगदी शेजारी असलेली कॅप्स लॉकची कळ माझ्यासाठी दिवसभर निकामीच असते. चुकून दाबली गेली तर मराठीत काही कळत नाही आणि पुढच्या इंग्रजी शब्दाच्या वेळी तो सगळा मोठ्या अक्षरांत उमटतो. ही कळ भाषाबदलासाठी वापरता येईल का? कार्यालयाचा संगणक असल्याने प्रशासकाचे अधिकार माझ्याकडे नाहीत. इंग्रजी आद्याक्षरी नावांसाठी मूळ सोयही अधूनमधून लागते.

खटका:
येईल. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या अंतर्गत नोंदींच्या साठ्यात, कळांची अदलाबदल नोंदवण्याची सोय आहे, पण तिला प्रशासकाचे अधिकार लागतात, संगणक पुन्हा सुरू करावा लागतो आणि बदल त्या संगणकावरच्या सर्वांनाच लागू होतो. शिवाय त्या मार्गाने एका कळीच्या जागी दुसरी एकच कळ बसवता येते, दोन कळांची जोडी नाही. म्हणून तुमच्यासाठी तो बाद.

ऑटोहॉटकी या मोफत प्रणालीची झिप स्वरूपातली प्रत स्वतःच्या फोल्डरमधून चालते. तिच्यात एका ओळीची आज्ञा लिहून कॅप्स लॉक दाबल्यावर विंडोज व स्पेसबार दाबल्याचा परिणाम साधता येतो. कॅप्स लॉक कायम बंद ठेवण्याची आज्ञाही तिच्यात आहे, आणि कंट्रोलसह कॅप्स लॉक दाबल्यावर मूळ काम व्हावे अशी तिसरी ओळ लिहिली की आद्याक्षरांचाही प्रश्न मिटतो. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या मोफत साधनसंचातल्या कीबोर्ड मॅनेजरमध्ये आज्ञा न लिहिता केवळ कळा निवडून पहिला भाग जमतो. मात्र कार्यालयात बाहेरच्या प्रणाली चालवण्यास परवानगी आहे का, हे आधी विचारून घ्या. हे दोन्ही पर्याय तुम्ही आत शिरल्यानंतरच जागे होतात. पासवर्ड विचारणाऱ्या पडद्यावर कॅप्स लॉक पूर्वीचाच असतो.

डावी_करंगळी:
वरील उत्तर बरोबर आहे, पण माझा आक्षेप योजनेवरच आहे. कॅप्स लॉक त्रासदायक का ठरतो? ती कळ चालू आहे की बंद, हे बोटांना कळत नाही, आणि एकदा दाबणे व दोनदा दाबणे यांचे परिणाम उलट असतात. तिच्यावर ‘दुसरी भाषा’ असा आलटून-पालटून चालणारा आदेश बसवला, तर नेमका तोच दोष भाषेच्या बाबतीत येतो: फोन घेऊन परतल्यावर पहिला शब्द कोणत्या लिपीत उमटेल, हे पडद्याचा कोपरा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. माझ्या मते एका कळीने नेहमी मराठीच यावी आणि शिफ्टसह तीच कळ दाबल्यावर नेहमी इंग्रजीच यावी. आधीच मराठी असेल तर पुन्हा दाबल्याने काही बिघडत नाही, म्हणून शंका आली की दाबून मोकळे व्हायचे.

विंडोजमध्ये याची निम्मी सोय आधीपासून आहे. कळफलकाच्या प्रगत सेटिंग्जमध्ये, भाषाबदलाच्या कळा ठरवण्याच्या जुन्या खिडकीत, प्रत्येक भाषेला स्वतंत्र जोडी देता येते. उदाहरणार्थ डावा आल्ट, शिफ्ट आणि १ म्हणजे इंग्रजी, तसेच २ म्हणजे मराठी. मग ऑटोहॉटकीने कॅप्स लॉकवर या जोड्या बसवाव्यात. त्याच खिडकीत, कॅप्स लॉक शिफ्ट दाबल्यावर बंद व्हावा, असाही पर्याय आहे. जुन्या टंकयंत्रांवर कुलूप सोडवण्याची रीत हीच होती. (यंत्रावर शिफ्ट दाबून धरणे म्हणजे लोखंडाचा भार उचलून धरणे, म्हणून तिथे कुलपाची खरीच गरज होती. आज बोटाखाली तो भारच उरलेला नाही.)

उबुंटूकर:
लिनक्सवर केडीई हा डेस्कटॉप वापरणाऱ्यांना हीच एकदिशा पद्धत (एका कळीने नेहमी एकच भाषा) तयार मिळते: कळफलकाच्या प्रगत पर्यायांत ‘कॅप्स लॉकने पहिली मांडणी, शिफ्टसह कॅप्स लॉकने दुसरी’ अशी नोंद आहे. कळ दाबून धरली असेपर्यंतच दुसरी लिपी, असाही पर्याय तिथे आहे. एखादाच रोमन शब्द मध्ये यायचा असेल तर मला तो सर्वांत आवडतो. मॅकवर कॅप्स लॉकने रोमन मांडणीकडे जाण्या-येण्याची खूण सेटिंग्जमध्ये केली की झाले, आणि कळ जरा वेळ दाबून धरल्यास मोठी अक्षरे मिळतात.

एक वेगळे मत नोंदवतो. १९८१च्या आयबीएम पीसीच्या कळफलकावर ‘ए’च्या डावीकडे कंट्रोल होता, पुढे १०१ कळांच्या कळफलकाने तो खाली ढकलून तिथे कॅप्स लॉक आणला. त्यामुळे दिवसभर कॉपी-पेस्ट करणाऱ्यांनी ती जागा कंट्रोललाच परत द्यावी, असे मी म्हणेन. तुमचे काम लिपी बदलण्याचे असल्यामुळे तुम्हाला मात्र हा सल्ला देत नाही.

जुना_डीटीपीवाला:
युनिकोडपूर्वीच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेतांक देणारी पद्धत येण्याआधीच्या, फॉन्टवर काम येत असेल तर सांभाळा. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात, म्हणून लहान ‘के’ आणि मोठा ‘के’ यांवर वेगवेगळे तुकडे येतात आणि कॅप्स लॉकने सगळा मजकूरच बदलतो. काही छापखान्यांत ही कळ अजूनही मुद्दाम वापरली जाते. सामायिक संगणकावर बदल करून ठेवाल तर शेजारच्या टेबलावरून हाक येईल.

पुस्तिकाकार:
सर्वांचे आभार. परवानगी मिळाली आणि गेले आठ दिवस एकदिशा पद्धत वापरत आहे. पहिले दोन दिवस कॅप्स लॉक दाबून मी दिव्याकडे पाहत असे. दिवा आता लागतच नाही, हे अंगवळणी पडायला वेळ गेला. जुन्या फॉन्टचे काम माझ्याकडे नाही. मात्र प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या खिडकीत कळ चालत नाही, असे आढळले.

खटका:
तसेच होणार, ऑटोहॉटकी स्वतः त्या अधिकाराने चालत नसेल तर तशा खिडकीत तिचे काही चालत नाही. तिथे जुनी विंडोज-स्पेसबारची जोडीच वापरा. सवय झाल्यावर आणखी एक करून पाहा: कॅप्स लॉक दाबून धरून ‘य’ दाबला की ‘ऱ्य’ उमटेल, अशी ओळ लिहा. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’साठी ऱ, हलन्त आणि य अशा तीन कळा दाबण्याचा खटाटोप वाचेल. मात्र तेव्हा भाषाबदलाची आज्ञा कळ दाबल्यावर न घडता सोडल्यावर घडेल अशी लिहावी लागेल, नाहीतर प्रत्येक ‘ऱ्य’बरोबर तीही चालेल.