मदत हवी आहे : मराठी टेक्स्ट फाइल टर्मिनलवरून ए-४ कागदावर छापणे

सांगलीजवळील आमच्या गावच्या वाचनालयाची ग्रंथयादी मी उबुंटू या संगणकप्रणालीवर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवतो. एका ओळीत दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक आणि कपाट. ती वाचकांसाठी टेबलावर छापील स्वरूपात हवी असून प्रत्येक पानावर मराठी मथळा, पान क्रमांक आणि बांधणीसाठी डावीकडे मोकळी जागा आवश्यक आहे.

मजकूर पानांत विभागणाऱ्या ‘पीआर’ (pr) या टर्मिनलवरील आज्ञेने हे तिन्ही साधते. तिचे पान मुळात ६६ ओळींचे असून त्यांतील १० ओळी मथळा व तळासाठी जातात, म्हणून मजकुराला ५६ उरतात. ती पाने छपाईयोग्य करणाऱ्या ‘एनस्क्रिप्ट’ (enscript) या साधनाला यूटीएफ-८ (देवनागरीसह सर्व लिप्या साठवण्याची संकेतपद्धत) समजत नसल्याने त्यातून देवनागरी निघत नाही. ‘पॅप्स’ (paps) या तशाच दुसऱ्या साधनातून जोडाक्षरेही सुबक उमटतात, परंतु लांब शीर्षकाची ओळ तेथे मोडून दोन ओळींची होते, ‘पीआर’ची मोजणी चुकते आणि चार-पाच ओळी पुढच्या, जवळजवळ कोऱ्या पानावर जातात. आधीच ओळी मोडाव्यात म्हणून ‘फोल्ड’ (fold) या ओळी मोडणाऱ्या आज्ञेला ८० रुंदी दिली, मात्र माझ्याकडील आवृत्ती अक्षरांऐवजी बाइट (संगणकातील साठवणीचे एकक) मोजते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असल्याने ओळ तिशीच्या आतच तुटते, कधी अक्षराच्या मधोमध, आणि तेथे प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन दिसतो.

यादी सतत बदलते व छपाई स्क्रिप्टमधूनच होते, त्यामुळे लिबरऑफिसमध्ये हाताने मांडणी करणे शक्य नाही. अक्षराचा आकार कमी केल्यास ज्येष्ठ वाचकांची अडचण होईल, जी मला टाळायचीच आहे.

तर ‘पीआर’कडे मजकूर देण्यापूर्वी देवनागरी ओळी बाइटऐवजी दिसणाऱ्या रुंदीनुसार, शब्दांच्या सीमेवर मोडणारी आज्ञा कोणती, आणि ‘पॅप्स’ त्या ओळी पुन्हा मोडणार नाही यासाठी ती रुंदी कशी ठरवावी?