मदत हवी आहे: ओरडल्यापासून मूल गप्प झालंय
नमस्कार. दर रविवारी मी ८ ते १० वर्षांच्या मुलांना झाडं, किडे, पक्षी दाखवायला नेते. मागच्या वेळी एकाने गांडूळ उचलून तापलेल्या दगडावर ठेवलं, काय करतं ते बघायला. मी एकदम ओरडले. खरं तर त्याला फक्त बघायचं होतं! नंतर जवळ बसवून सांगितलं, की गांडूळ ओल्या त्वचेतून श्वास घेतं, कोरडं पडलं की गुदमरतं. त्याने लगेच ते ओल्या मातीत सोडलं. पण तेव्हापासून तो काहीच विचारत नाही, लांब उभा राहतो. फार लागलंय मला ते. त्याला पुन्हा बोलतं कसं करू? आणि जिवाला हात न लावता निरीक्षण करायला तुम्ही मुलांना काय देता?