मदत हवी आहे: शाकाहारी आई-बाबांना जपानमध्ये बाहेर काय खाऊ घालू?

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरमध्ये आई-बाबा पहिल्यांदाच तोक्योला येताहेत. मी निशि-कासाईत राहते, त्यामुळे घरच्या जेवणाची चिंता नाही. तूरडाळ, कणीक, पोहे सगळं जवळच मिळतं. प्रश्न बाहेरचा आहे. दोघंही अंडंसुद्धा खात नाहीत, पण आईने आत्ताच बजावलंय, "रोज इंडियन हॉटेलात नेणार असशील तर मी येत नाही. तिथली माणसं जेवतात ते मला खायचंय." मलाही मनापासून तेच वाटतं.

घोडं अडतं दाशीपाशी, म्हणजे जपानी स्वयंपाकातल्या मूळ रश्शापाशी. बोनितो मासा शिजवून, धुरी देऊन लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात आणि रंध्यावर त्याचे पापुद्रे काढतात. ते कात्सुओबुशी. त्याचा अर्क मिसो सूपमध्ये, सोबा नूडल्सच्या सॉसमध्ये, आगेदाशी तोफूच्या (तळलेल्या तोफूच्या) रश्शात असतो. उकडलेल्या पालकावरही वरून तेच पापुद्रे भुरभुरलेले. 'व्हेजिटेरियन' म्हटलं की वेटर मांस वगळतो, सूप मात्र तेच येतं. त्याच्या लेखी दाशी हा मासा नसतोच.

तर विचारायचं असं, की हॉटेलात नेमकं काय बोलायचं? आणि कोन्बिनीतले (कन्व्हिनियन्स स्टोअरमधले) कुठले पदार्थ निर्धास्त देता येतील?

शिवाय बाबांना कोयासानला, म्हणजे डोंगरावरच्या बौद्ध देवळांच्या गावाला जायचंच आहे. तिथल्या विद्यापीठात २०१५ साली बाबासाहेबांचा पुतळा बसवला, तेव्हापासून त्यांच्या मनात आहे. तिथे देवळात मुक्काम करावा म्हणतेय, पण बाबांचे गुडघे दुखतात, जमिनीवर बसवत नाही. कुणी ज्येष्ठांना घेऊन गेलंय का?

प्रतिसाद

ताई, कोयासान अजिबात रद्द करू नका, आईंची हौस खरी तिथेच फिटेल. देवळातलं शोजिन र्‍योरी म्हणजे भिक्षूंचं जेवण. दाशी कोम्बु (समुद्री शेवाळ) आणि शिताके मशरूमची, कांदा-लसूणही नाही. तिळाचा गोमा-दोफू आवर्जून खायला सांगा. तोंडात लोण्यासारखा विरघळतो. तरी बुकिंग करताना 'मासा, अंडं, कात्सुओ-दाशी नको' हे लिहून कळवाच.

गुडघ्यांचंही तेव्हाच सांगा. बर्‍याच शुकुबोंमध्ये (मुक्कामाची सोय असलेल्या देवळांमध्ये) जेवायला खुर्ची-टेबल मांडून देतात. मात्र निजायला जमिनीवर फुतोन (गादी) असतो, त्यामुळे पलंगाची खोली आहे का ते आधी विचारा. स्वच्छतागृह खोलीला जोडून आहे का, हेही.

हॉटेलात 'व्हेजिटेरियन' शब्दावर विसंबू नका. थेट विचारा, "कात्सुओ-दाशी हाइत्ते इमास्का?" (यात कात्सुओची दाशी आहे का?) कोन्बिनीत अ‍ॅलर्जीच्या तक्त्यावर जाऊ नका, कारण सक्तीच्या यादीत बोनितो नाहीच. फोनचा कॅमेरा धरून घटकांची अख्खी यादी वाचा. उमेबोशीच्या (खारवलेल्या आंबट फळाच्या) ओनिगिरीतही, म्हणजे भाताच्या गोळ्यातही, कधी कधी कात्सुओचा अर्क सापडतो. साधी मिठाची ओनिगिरी, भाजलेलं रताळं, नात्तो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन (सोबतची सॉसची पुडी काढून) चालेल.

आई-बाबांना निघण्याआधी सांगा, ताजा कढीपत्ता, फळं, भाज्या बॅगेत नकोत. मेतकूट-मसाले चालतात.

कोयासान साधारण ८०० मीटर उंचीवर आहे, नोव्हेंबरात चांगलीच थंडी असते. ओसाकाच्या नांबा स्टेशनहून ट्रेनने गोकुराकुबाशी, पुढे केबल कार, असे दोनएक तास धरा. देवळात जेवण संध्याकाळी साडेपाच-सहालाच वाढतात, तेव्हा नांबाहून दुपारी एकच्या आत निघा.