चहा नको म्हणणारी पोरं आणि त्यांची दोन वर्षं: सेवा की बिनपगारी सेल्समनगिरी?

निशीकासाईकर (धागाकर्ता):
मंडळी, घरात चार दिवस एकाच विषयावरून धुसफूस चालू आहे म्हणून शेवटी इथे आणून टाकतोय. आम्ही टोकियोत निशी-कासाईला राहतो, इथे इतके भारतीय आहेत की लिफ्टमधे फोडणीचा वास आला तर कोणाकडे काय शिजतंय ते ओळखता येतं. स्टेशनबाहेर अधूनमधून दोन पोरं दिसतात, पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी आणि सायकलवर हेल्मेट. इथे मोठी माणसं हेल्मेट घालताना फारशी दिसत नाहीत त्यामुळे ही लांबूनच ओळखू येतात. मॉर्मन मिशनरी, म्हणजे अमेरिकेत निघालेल्या, स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्या एका पंथाचे धर्मप्रचारक. (२०१८ पासून त्यांचं चर्च म्हणतं आम्हाला मॉर्मन म्हणू नका, येशू ख्रिस्ताचं लॅटर-डे सेंट्स चर्च असं पूर्ण नाव घ्या, पण ते टाईप करेपर्यंत माझी लोकल येते.) पाटीवर जपानीत "चोरो" लिहिलेलं असतं, म्हणजे ज्येष्ठ, वडीलधारा. वय वर्षं एकोणीस, मिसरूड धड नाही आणि पदवी आजोबांची.

तर जूनमधे धो धो पावसात आमच्या बिल्डिंगखाली एकाची सायकल पंक्चर झाली, आमची ही दोघांना वर घेऊन आली. चहा? नको. कॉफी? नको. मग जपानी हिरवा चहा तरी? तोही नको. हिला वाटलं आपल्याकडचं पाणी चालत नाही की काय, चेहराच पडला. मग कळलं धर्मातच मनाई आहे, चहा कॉफी दारू सिगरेट सगळंच बंद. शेवटी गावाहून आणलेलं कोकम आगळ काढलं आणि त्याचं सरबत दोघांनी तीन तीन ग्लास ढोसलं. एक अमेरिकेतल्या आयडाहोचा, बटाट्याच्या शेतातला, दुसरा टोंगा बेटांवरचा, दारात मावेना एवढा.

नंतर ते येत राहिले, धर्माचं एकदा विचारलं, मी नको म्हटलं, विषय संपला. पण त्यांचं रोजचं ऐकून मी गार झालो. सकाळी साडेसहाला उठायचं, व्यायाम, पोथी, जपानीचा अभ्यास, मग दिवसभर रस्त्यावर नाहीतर लोकांच्या दारात, रात्री साडेदहाला दिवा बंद. दोन वर्षं. पिक्चर नाही, गर्लफ्रेंड नाही. देश आपण निवडायचा नाही, जोडीदारही नाही आणि त्या जोडीदाराला सोडून कुठेही एकट्याने जायचं नाही. दर सहा आठवड्यांनी बदलीची यादी लागते. सोमवारी कपडे धुवायचे, भाजी आणायची, घरी फोन करायचा. हा आठवड्याचा फोनसुद्धा २०१९ पासून, त्याआधी वर्षातून दोनदा, नाताळला आणि मदर्स डेला. आणि या सगळ्याचा खर्च स्वतःचा! अमेरिकेतल्या पोरांना महिन्याला ५०० डॉलर भरावे लागतात, मग टोकियोला जा नाहीतर घानाला.

माझं मत: पोरगं असं तावून सुलाखून निघत असेल तर मला पटतं. आमचा बारा वर्षांचा पांघरुणाची घडी करत नाही. हिचं मत: "त्याच्या आईला विचार आधी." तुम्ही बोला.

तर्कटराव:
धागाकर्त्यांनी सगळं सांगितलं, फक्त हिशोब सोडला. २४ महिने गुणिले ५००, बारा हजार डॉलर. हे कोण भरतंय? पोरगं आणि त्याचे आईबाप, जे आधीच कमाईचा दहावा हिस्सा चर्चला देतात. आणि चर्चकडे काय आहे? २०१९ मधे त्यांच्याच गुंतवणूक कंपनीतला एक माजी कर्मचारी तक्रार घेऊन पुढे आला की आत जवळपास १०० अब्ज डॉलर साठवलेत. २०२३ मधे अमेरिकेच्या सेबीने, म्हणजे तिकडच्या एसईसीने, नावापुरत्या (शेल) कंपन्यांच्या आड शेअर्स लपवले म्हणून ५० लाख डॉलर दंड लावला. एवढी माया असलेली संस्था एकोणीस वर्षांच्या पोराकडून भाडं घेते आणि आपण म्हणायचं वा काय शिस्त! आमच्या गल्लीत वॉटर प्युरिफायर विकायला येणाऱ्या पोरालाही निदान कमिशन मिळतं हो.

बंड्या बार्शीकर:
तर्कटराव तुमचं सगळं मान्य पण मला एक सांगा, माझा पुतण्या पाच वर्षं सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतोय, मेस, अभ्यासिका, क्लास धरून भावाने किती घातले ते विचारू नका. साडेसहाला उठत नाही हे मी डोळ्याने पाहिलंय. बारा हजार डॉलर म्हणजे आपले दहा लाख आणि काही, त्यात पोरगं जपानी बोलायला शिकून, स्वतःचं स्वतः रांधून, दिवसाला पन्नास लोकांचा नकार पचवून परत येत असेल तर मी भावाला म्हणेन यालाही घाला 😂

तर्कटराव:
बंड्याभाऊ, तुमचा पुतण्या स्वतःचं नुकसान करतो, दुसऱ्याच्या दारात जाऊन तुमचा देव खोटा असं नाही सांगत.

बंड्या बार्शीकर:
संक्रांतीला येतो तेव्हा सगळ्यांचे देव खोटे असंच सांगतो.

लीहायची मनीषा:
मी गेली नऊ वर्षं अमेरिकेत युटातल्या लीहायला राहते, हा या चर्चचा बालेकिल्ला, आमच्या रांगेत अकरा घरं आहेत त्यातली आठ त्यांची, त्यामुळे या विषयावर बोलायचा मला थोडा हक्क आहे असं समजते. पोरं अठराव्या वर्षी जातात, मुलींचं दीड वर्ष असतं आणि त्यांच्यावर मुलांइतकी सक्ती वाटत नाही. कुठे पाठवणार ते कळायची रात्र म्हणजे आपल्याकडे बोर्डाचा निकाल. पूर्वी जाडं पांढरं पाकीट यायचं, आता ऑनलाईन, पण आजी मामा शेजारी सगळे जमतात, पैजा लागतात ब्राझील की फिलिपिन्स, पोरगं मोठ्याने वाचतं आणि घर किंचाळतं. मी तीन वेळा हजर होते, तिन्ही वेळा रडले, मला काय संबंध तरी!

पण दुसरी बाजूपण बघितली आहे. दोन वर्षं पुरी करून येणाऱ्याला घ्यायला सॉल्ट लेकच्या विमानतळावर फुगे, बॅनर, अर्धा वॉर्ड (म्हणजे त्यांची स्थानिक मंडळी). आमच्या समोरचा मुलगा पाच महिन्यांत परत आला, झोप जायची, छातीत धडधडायचं. त्याला आणायला फक्त वडील गेले. रात्री. सकाळी गाडी दारात दिसली तेव्हा आम्हाला कळलं. कोणी वाईट बोललं नाही, उलट केक पोचवले, पण त्या केकांवरच सगळं लिहिलेलं होतं. अजून तो रविवारी मागच्या दाराने बाहेर पडतो. "स्वेच्छेने जातात" असं जे म्हणतात ना, कागदावर खरं आहे. पण ज्या गावात सगळे पोहतात तिथे काठावर बसायची इच्छा कितीशी मोकळी असणार.

पैशाबद्दल: चर्चचं म्हणणं ती वाईट दिवसांसाठी ठेवलेली पुंजी आहे. मला पटतं असं नाही, त्यांचं काय म्हणणं ते सांगितलं.

नगरकर रूथ:
मी मराठी ख्रिस्ती, नगरची. पहिलं म्हणजे आमच्यातले बरेच पाळक मॉर्मनांना ख्रिस्तीच मानत नाहीत, त्यामुळे "मिशनरी" म्हणून सगळ्यांना एका गोणीत भरू नका. दुसरं, अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आलं १८१३ ला, नगरला १८३१ ला. ती माणसं आली ती राहिली, मराठी शिकली, शाळा काढल्या, कित्येकांनी इथेच हाडं ठेवली. त्यांच्यावर टीका करायची तर खूप आहे, आमच्याच घरात करतात. पण भांडायला तरी माणूस समोर होता! इथे काय, निशीकासाईकर म्हणतात तसं सहा आठवड्यांनी यादी. एखाद्या एकट्या जपानी आजींना तुम्ही लळा लावायचा, त्यांच्या बागेतलं गवत काढायचं, मग एक दिवस नवीन पोरगं दारात, तेच हसू, तशीच पाटी. माझा आक्षेप धर्मावर नाही, सेवा म्हणजे टिकणं असतं यावर आहे.

निशीकासाईकर:
रूथताई, थोडी दुरुस्ती, यादी सहा आठवड्यांनी लागते पण दर वेळी सगळे हलतात असं नाही, आमचा आयडाहो इथे साडेचार महिने आहे. बाकी मुद्दा लागला. चर्चमधे ते फुकट इंग्रजी शिकवतात तिथे एक निवृत्त काका कित्येक वर्षं येतात म्हणे, बाप्तिस्मा घ्यायचं नाव नाही. शिकवणारी पोरं किती बदलली त्याची त्यांनी वहीत यादी ठेवली आहे, नाव आणि गाव. आयडाहो सांगत होता, मी एकेचाळिसावा.

इतिहासाचा किडा:
अवांतर: हे लोक आपल्याकडेही येऊन गेलेत. ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन मिशनरी १८५२ मधे मुंबईत उतरला, तिथून पुण्याला आला. हाताला फारसं काही लागलं नाही. हल्लीचं म्हणाल तर बंगळुरात १९९३ पासून त्यांचं मिशन आहे. जपानात १९०१ ला आले, १९२४ ला कंटाळून बंद केलं, १९४८ ला परत उघडलं.

तर्कटराव:
किडेसाहेब, जपानचा इतिहास सांगताय तर पुढचा पण सांगा. १९८० च्या आसपास टोकियोत आकड्यांची शर्यत लागली होती, स्टेशनवर गाठलेल्या पोरांना काय चाललंय कळायच्या आत बाप्तिस्मा. त्यातले बहुतेक पुन्हा चर्चकडे फिरकले नाहीत. आणि १९७८ पर्यंत काळ्या पुरुषांना या चर्चमधे पुरोहितपदच नव्हतं, आज घाना-नायजेरियात मिशनं जोरात.

आणि तो "एकट्याने कुठे जायचं नाही" नियम. तुम्हाला ती सोबत वाटते. मला ती पाळत वाटते. ज्याला शंका येईल त्याने शंका कोणाजवळ बोलायची? जोडीदार वर कळवणार नाही कशावरून?

कोकमवाली:
नमस्कार. मी धागाकर्त्याची बायको, खास उत्तर द्यायला अकाउंट काढलंय. सगळं ह्यांनी लिहिलं पण मार्चमधलं लिहिलं नाही, कारण मला ते कळलं तेव्हा हे ऑफिसात होते आणि मी सांगितलेलं अर्धंच ऐकतात.

मागच्या महिन्यात टोंगाने मला सांगितलं. आयडाहोची आजी मार्चमधे गेली. घरी जायचा प्रश्न नव्हता, म्हणजे जाता आलं असतं बहुधा, पण गेला नाही, आजीनेच सांगून ठेवलं होतं येऊ नकोस म्हणून. अंत्यविधी फोनवर बघितला, इथली पहाट होती. तेव्हा टोंगा त्याचा जोडीदार होऊन नऊ दिवस झाले होते. नऊ! धड ओळख नाही, टोंगाचं इंग्रजीही जपून बोलण्याइतकं. आणि नियम असा की खोली सोडून जायचं नाही. मग तो काय करणार, त्याने इस्त्रीचं टेबल मांडलं आणि आयडाहोचे सगळे शर्ट इस्त्री केले. संपले तशी स्वतःचे घेतले. ते संपले तेव्हा परत पहिल्यापासून. दीड तास.

तर तर्कटराव, पाळत की सोबत ते मला माहिती नाही. पण मला रागच येतो. एकोणीस वर्षांच्या मुलाला रडायला दार लावून घेता येऊ नये? आणि त्याच्या आईने तिकडे सासू का आई गेलेली असताना (विचारलं नाही मी) फोनच्या पडद्यावर पोराचं तोंड बघायचं? हे म्हणतात तावून सुलाखून. आमच्या मुलाला पांघरुणाची घडी नाही आली तरी चालेल मला.

बंड्या बार्शीकर:
वहिनी, शर्टाचं वाचून विनोद सुचेना.

लीहायची मनीषा:
कोकमवाली ताई, समोरच्या मुलाची आई मला हेच म्हणाली होती, फक्त उलट बाजूने. तो तिकडे धडधडत असताना रात्री उठून बसायचा तेव्हा जोडीदार घोरत होता, आणि तेवढ्या घोरण्याचाही मला आधार वाटतो असं त्याने घरी लिहिलं होतं. आता काय म्हणायचं सांगा.

नगरकर रूथ:
मी टिकण्याबद्दल लिहिलं होतं ते मागे घेत नाही. पण दीड तास इस्त्री हेही टिकणंच झालं, एवढं लिहिते.

तर्कटराव:
गोष्ट हृद्य आहे, नाकारत नाही. पण लक्षात घ्या, यातलं जे चांगलं आहे ते टोंगाचं आहे. संस्थेने फक्त दार बंद ठेवलं. आणि अशा गोष्टींवरच संस्था जगतात, आपण पोराचं कौतुक करतो आणि ते खात्यावर चर्चच्या जमा होतं. निशीकासाईकर, एकदा हिंमत करून त्याला १०० अब्जांचं विचारा ना.

निशीकासाईकर:
विचारलं. काल संध्याकाळी दोघं निरोप घ्यायला आले होते, टोंगाची बदली झाली, आयडाहो इथेच, नवा जोडीदार बुधवारी येतोय. विचारायला नको होतं असं आमची ही म्हणते, स्वयंपाकघरातून डोळे वटारून झाले.

तो म्हणाला आकडा ऐकलाय, नेटवर असतं, नक्की माहिती नाही. मग मी विचारलं तुझे पैसे कोणी भरले. म्हणाला, त्याच्या गावात शरदात शाळेला बटाटा काढणीची सुट्टी असते, पोरं शेतात कामाला जातात. सहावीपासूनची ती मजुरी साठवलेली. तरी कमी पडत होते, उरलेले आजीने भरले. एवढं बोलून गप्प बसला. टोंगाने घड्याळ बघितलं, नऊच्या आत खोलीवर पोचायचं असतं, पण उठला नाही, बशीतला चिवडा एकेक दाणा करून खात राहिला.

तर्कटराव:
आणि तुम्ही काय म्हणालात त्याला?

निशीकासाईकर:
काही नाही. अजून थोडं कोकम घे म्हणालो.