सगळ्यांना सारखी मोटरसायकल, म्हणजे धोका कमी? मुलीला कनिष्ठ गटाच्या मालिकेत उतरवण्याविषयी

घाटमाथा (धागाकर्ता)

माझी मुलगी येत्या नोव्हेंबरात तेरा वर्षांची होईल. गेले दीड वर्ष ती कार्टिंगच्या ट्रॅकवर मिनीजीपी प्रकारातली छोटी मोटरसायकल चालवते आहे. पुढच्या वर्षी तिने मोठ्या सर्किटवरच्या कनिष्ठ गटाच्या मालिकेत उतरावे, असे तिच्या प्रशिक्षकांचे म्हणणे आहे. ही मालिका एकाच कंपनीच्या एकसारख्या मोटरसायकलींची आहे. गाडी, टायर आणि मेकॅनिक ही सगळी व्यवस्था आयोजकांची असून प्रवेश शुल्क, प्रवास आणि अंगावरचा सूट, हेल्मेट वगैरे आमच्याकडे राहील.

घरात यावर दोन तट पडले आहेत. सगळ्यांच्या गाड्या सारख्या असतील तर कोणी पैशाच्या जोरावर पुढे जाणार नाही आणि वेगात तफावत नसल्यामुळे अपघाताचा धोकाही कमी राहील, असे मला वाटते. पत्नीला मात्र ऑगस्ट २०२३ मधली चेन्नईची शर्यत विसरता येत नाही. राष्ट्रीय मालिकेतल्या त्या शर्यतीत तेरा वर्षांचा मुलगा गेला आणि त्या आठवड्याच्या उरलेल्या सगळ्या शर्यती रद्द झाल्या. माझा समज कितपत बरोबर आहे, आणि पहिल्या हंगामाकडून नेमकी कशाची अपेक्षा ठेवावी, हे जाणकारांनी सांगावे.

स्पॅनर

मी काही हंगाम अशाच एका मालिकेत मेकॅनिक होतो, त्यामुळे गाडीपुरते बोलतो.

सारखी गाडी ही कल्पना चांगली आहे आणि ती जगभर रुळलेली आहे. मोटोजीपीच्या, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या सर्वोच्च जागतिक मालिकेच्या सोबतीने २००७ पासून चालणाऱ्या, होतकरू मुलांच्या रुकीज कपमध्ये सगळी मुले केटीएमच्या एकसारख्या गाड्यांवर धावतात. त्यातून पुढे आलेल्यांची नावे पाहिली तर पहिल्याच वर्षीचा विजेता योहान झार्को, २०१४ चा होर्हे मार्टिन, २०२० चा पेद्रो अकोस्टा अशी रांग लागते. आपल्याकडे होंडाने २०१८ मध्ये टॅलेंट कप सुरू केला तो सीबीआर १५० आर वर, आणि नंतर त्यात एनएसएफ २५० आर ही खास शर्यतीची गाडी आली.

परंतु गाडी सारखी असली तरी तिच्यावर बसणारी मुले सारखी नसतात, हे पालकांच्या लक्षात येत नाही. एनएसएफ २५० आर चे वजन जेमतेम ८५ किलोच्या घरात आहे. अशा गाडीवर एक मूल ३८ किलोचे आणि दुसरे ५८ किलोचे असेल, तर सरळ पट्ट्यावर हलके मूल पुढे निघते, ही गोष्ट सगळ्यांना दिसते. (मोटो३ या जागतिक अजिंक्यपदातल्या सर्वांत लहान गाड्यांच्या गटात याच कारणाने गाडी आणि रायडर मिळून किमान १५२ किलो वजनाची अट आहे.) उलट बाजू कोणाला दिसत नाही. सस्पेन्शनची स्प्रिंग जड रायडरच्या हिशेबाने बसवलेली असेल तर हलक्या मुलाखाली ती दबतच नाही, टायरवर भार येत नाही, टायर तापत नाही, आणि मूल मात्र 'मला वळणावर भरवसा वाटत नाही' एवढेच सांगू शकते. आपण त्याला भित्रे समजतो.

त्यामुळे पहिल्याच सरावाच्या दिवशी मुलीला पूर्ण सूट आणि हेल्मेट घालून गाडीवर बसवा आणि मागच्या अॅक्सलपासून सीटखालच्या ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर टेपने मोजायला सांगा. पुढच्या फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या नळीवर प्लॅस्टिकची एक टाय बांधलेली असते. ब्रेक दाबल्यावर फोर्क जेवढा दबतो, तेवढी ती सरकून तिथेच थांबते. पाच लॅपनंतर मुलगी आत आली की आधी ती टाय पाहा, मग वेळ. टाय अर्ध्यावरच थांबली असेल तर दोष मुलीचा नाही.

आणखी एक गोष्ट. तिकडे गिअर बहुधा उलटे असतील, म्हणजे पहिला वर आणि बाकीचे खाली. डावीकडे झुकलेल्या गाडीवर गिअर चढवण्यासाठी पाय लिव्हरखाली घालायला जागा राहत नाही, म्हणून ही पद्धत. ती सवय आधीच लावा, पण त्यासाठी घराजवळच्या रस्त्यावर गाडी देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने रस्त्यावर गाडी चालवली तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तिसरे वळण

स्पॅनर यांनी गाडीविषयी लिहिले ते योग्यच आहे, पण धागाकर्त्यांचा मूळ प्रश्न धोक्याचा आहे आणि तिथे त्यांचा समज उलटा आहे, असे मी नम्रपणे म्हणेन. मी मार्शल म्हणून झेंडा हातात घेऊन बरीच वर्षे वळणावर उभा राहिलो आहे. सारख्या गाड्यांच्या शर्यतीत मला जेवढी धास्ती वाटते, तेवढी मोठ्या गाड्यांच्या शर्यतीत वाटत नाही.

गाड्यांची ताकद सारखी असल्यामुळे कोणालाच पळून जाता येत नाही. पुढच्याच्या मागे हवेचा विरोध कमी होतो, मागचा त्या आडोशाने ओढला जातो, आणि सरळ पट्टा संपेपर्यंत दहा-बारा मुलांचा घोळका एकाच वळणाकडे येतो. आडोशात आलेल्या मुलाचा वेग नेहमीपेक्षा जास्त असतो आणि त्याला थोपवायला समोरून वाराही नसतो, त्यामुळे त्याने ब्रेक नेहमीच्या खुणेच्या अलीकडे लावायला हवा. तेरा वर्षांचे मूल तो नेमका नेहमीच्या खुणेवर, किंवा पुढच्यावर ताण म्हणून त्याच्याही पुढे लावते. पडणे हा या खेळाचा भाग आहे; सूट असतो, मोकळी जागा असते, आणि बहुतेक मुले उठून धूळ झटकतात. जीव जातो तो पडल्यावर मागून येणाऱ्या गाडीची धडक बसल्यामुळे. २०२१ च्या मे ते सप्टेंबर या काळात युरोपात १९, १४ आणि १५ वर्षांचे तीन रायडर गेले, आणि तिन्ही वेळा हेच घडले होते. त्यानंतर मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक महासंघाने वयोमर्यादा वाढवल्या आणि जागतिक अजिंक्यपदासाठी २०२३ पासून किमान वय साधारणपणे १८ वर्षे केले.

म्हणून आयोजकांना गाडी किती ताकदीची आहे हे विचारण्याआधी ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगांत किती मुले उभी राहणार, पात्रता फेरीत फार संथ ठरलेल्यांना शर्यतीत उतरवतात का, दर वळणावर मार्शल असतो का आणि शर्यत थांबवणारा लाल झेंडा दाखवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे विचारा. उत्तर देताना समोरचा माणूस चिडला, तर तेही एक उत्तर समजा. आणि मुलीची परीक्षा एकट्याने काढलेल्या लॅपच्या वेळेवर घेऊ नका. सरावात तिच्या पुढे दोन आणि मागे दोन गाड्या ठेवून पाहा. तिची ब्रेकची खूण बदलते का, पुढे धोका असल्याचा पिवळा झेंडा तिला घोळक्यातूनही दिसतो का, एवढेच बघा.

पिटबोर्ड

मी एका पंधरा वर्षांच्या रायडरची आई आहे. आम्ही सोलापूरचे. आमचा दुसरा हंगाम नुकताच संपला.

पहिल्या हंगामाकडून काय अपेक्षा ठेवावी, याचे माझे उत्तर गुणांच्या हिशेबात आहे. पहिल्या क्रमांकाला २५, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १६ आणि चौथ्याला १३ गुण मिळतात. दोन शर्यतींत दोनदा चौथे येणाऱ्याचे २६ गुण होतात आणि एक जिंकून दुसरीत पडणाऱ्याचे २५. हा हिशेब मी मुलाला पहिल्या फेरीनंतर कागदावर मांडून दाखवला, कारण तो तिसऱ्या जागेवरून पहिल्या जागेवर जाण्याच्या नादात शेवटच्या लॅपला पडला होता आणि मनगटाचे हाड मोडून घेऊन आला होता. पुढची फेरी हुकली ती वेगळीच. हंगाम म्हणजे शर्यत नव्हे, ही समज यायला त्याला सहा महिने लागले आणि मला त्याहून जास्त.

खर्चाविषयी सांगायचे तर गाडी आयोजकांची असली तरी राष्ट्रीय पातळीवरच्या बहुतेक फेऱ्या चेन्नई आणि कोइंबतूर इकडे होतात, आणि प्रत्येक फेरीला शाळेचे तीन-चार दिवस जातात. मुख्याध्यापिकांना हंगामाच्या सुरुवातीलाच सगळ्या तारखा लेखी द्या. आयत्या वेळी रजा मागण्यापेक्षा ते बरे. सर्वांत मोठा खर्च मात्र मुलाच्या वाढीचा आहे. चामड्याचा सूट अंगाला घट्ट बसला नाही तर खांद्याचा आणि गुडघ्याचा कवचाचा भाग पडताना जागेवरून सरकतो, त्यामुळे 'वाढत्या अंगाचा' घ्यायची आपली दिवाळीची सवय इथे चालत नाही. पालक आपापसांत सूट फिरवतात. हेल्मेट मात्र वापरलेले कधीही घेऊ नका.

तिसरे वळण

पिटबोर्ड ताईंचा हिशेब पटला, फक्त एक भर घालतो. मिनीजीपीची आंतरराष्ट्रीय मालिका १० ते १४ वर्षांच्या मुलांसाठीच आहे. म्हणजे मुलीला छोट्या गाडीवर आणखी एक हंगाम काढायला नियमाची अडचण नाही. घोळक्यात वागण्याची शिस्त छोट्या ट्रॅकवर कमी वेगात शिकता येते, हा त्या गाडीचा खरा उपयोग आहे.

घाटमाथा (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आयोजकांना चारही प्रश्न विचारले. तीन प्रश्नांची उत्तरे लगेच मिळाली. ग्रिडच्या संख्येविषयी 'प्रवेशिका किती येतात ते पाहू' असे सांगण्यात आले, आणि पत्नीने तिथेच वही मिटली. पुढचे वर्ष छोट्या गाडीवरच काढायचे, मात्र दर महिन्याला चार-पाच मुलांना एकत्र धावायला लावायचे, असे प्रशिक्षकांशी ठरले आहे. मुलगी दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. काल मात्र स्वतःच फोर्कला टाय बांधून मला दाखवायला घेऊन आली. ती नळीच्या मधोमध थांबली होती. या आठवड्यात मऊ स्प्रिंग बसवून पाहू.

पिटबोर्ड ताई, हिचा सूट बाहीला दोन बोटे आखूड झाला आहे. १४५ सेंटीमीटर उंचीच्या मुलाला तो बसेल. आपल्या ओळखीत कोणाला हवा असल्यास कळवावे, आणि आपल्या मुलाचा जुना सूट अजून दिला नसेल तर त्याचे माप सांगावे.