फॉरवर्ड करण्याआधी तारीख तरी बघा
वर एका दादांनी लिहिलंय की व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज न तपासता फॉरवर्ड केले तर कुणाचं काय बिघडतंय, लोक सावध तरी होतात. नाही पटलं. आमच्या सांगली जिल्ह्यातच सप्टेंबर 2022 ला जत तालुक्यातल्या लवंगा गावात मुलं पळवणारे समजून चार साधूंना लोकांनी काठ्या-पट्ट्यांनी मारलं, ते बिचारे पंढरपूरला निघालेले आणि एका पोराला फक्त रस्ता विचारला होता. त्याआधी 2018 ला धुळ्याच्या राईनपाड्यात तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या मुलं पळवण्याच्या असल्याच अफवेनं पाच जणांचा जीव गेला.

आणि पावसाळ्यात इकडं वेगळाच ताप, कोयनेतनं पाणी सोडलं रे सोडलं की 2019 च्या महापुराचे व्हिडिओ आजचे म्हणून फिरायला लागतात, मग नदीकाठची म्हातारी माणसं रात्रभर जागी, रेशनकार्ड न् औषधं पिशवीत भरून दाराशी ठेवलेली (ज्यांनी तो पूर भोगलाय त्यांना समजावणार तरी कसं). सांगलीत कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट इशारा पातळी आणि 45 फूट धोका पातळी, पाणी किती आलंय ते प्रशासन सांगत असतं की, ते बघा ना. लय वेळा फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर व्हॉट्सअ‍ॅप दोन बाण दाखवतं, ते दिसले की आधी नदीकाठच्या कुणालातरी फोन लावून विचारा, मग पाठवा.